जुनी पिकअप आणि कच्च्या वाटेची निवड

आडत, भुसार, सरकी किंवा कापडाच्या व्यापारात दोन-तीन पिढ्या घालवलेल्या अनेक घरांत एखादे वाहन असे असते की, ते विकायचे नाही आणि मोडीतही काढायचे नाही, असा न बोलता झालेला ठराव असतो. आजोबांच्या काळी पोती वाहिलेली मोठ्या बांध्याची पिकअप हे त्याचे ठळक उदाहरण. गोदामाच्या कोपऱ्यात ती वर्षानुवर्षे उभी राहते. नातवंडे कर्ती होतात, हौसेने इंजिन बांधून घेतात, हौद्याच्या फळ्या बदलतात, आणि मग सुटीच्या दिवशी ती महामार्ग सोडून माळावरच्या कच्च्या वाटेने न्यावी, असा बेत ठरू लागतो. बेतात गैर काही नाही. या गाड्या डांबरी रस्ते विरळ असतानाच्या काळातच घडल्या. मात्र ‘आमची गाडी कुठेही जाते’ हे घरोघरचे वाक्य अर्धेच खरे असते. ती जेथे जात असे, त्या वाटा जुन्या चालकाला पाठ होत्या. आज गाडी उरली आहे, वाटांची ती माहिती उरलेली नाही. ती नव्याने मिळवावी लागते.

या गाड्यांचा इतिहास आपल्या समाजाला परका नाही. सोलापुरात १८८२ साली जन्मलेले शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीशी झालेल्या करारानुसार १९४७ पासून तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या; त्यांत डॉज आणि फार्गो या नावांची मालवाहू वाहनेही होती. त्याच सुमारास महिंद्र कंपनीने मुंबईत विलिस जीपची जुळणी सुरू केली. अशा रीतीने दोन वेगळ्या घडणीची वाहने आपल्याकडे आली: एक आखूड, हलकी आणि चटकन वळणारी जीप; दुसरे लांब, रुंद आणि वजनदार अमेरिकी वळणाचे मालवाहू वाहन. कच्च्या वाटेवर गाडी नेण्याविषयी आज जो सल्ला ऐकू येतो, तो बहुधा जीपवाल्यांचा असतो. तो जसाच्या तसा लांब पिकअपला लागू केला, की घोटाळा होतो.

फरक कोठे पडतो, हे आकड्यांत पाहिले म्हणजे स्पष्ट होते. दुसऱ्या महायुद्धातील लष्करी गाडीवरून १९४६ साली नागरी वापरासाठी तयार झालेली डॉज पॉवर वॅगन घेतली, तर तिच्या पुढच्या व मागच्या धुऱ्यांमधील अंतर १२६ इंच होते; विलिस जीपचे हेच अंतर अवघे ८० इंच. आता वाटेत शेताचा बांध आडवा आला आहे, असे समजावे. पुढची चाके बांध ओलांडून खाली उतरतात, मागची अजून अलीकडे असतात आणि गाडीचे पोट बांधाच्या माथ्यावर येते. पोटाखाली जीपला ८ इंच आणि मोठ्या गाडीला १० इंच मोकळी जागा आहे, असे धरले, तर जीपला अर्ध्या लांबीच्या ४० इंचांत ८ इंच, म्हणजे पाचास एक, एवढा चढ-उतार सोसतो. मोठ्या गाडीला ६३ इंचांत १० इंच, म्हणजे सहास एकाहूनही कमी. तिचे पोट दोन इंच उंच असूनही ज्या बांधावरून जीप सहज जाते, त्याच बांधावर ती टेकते आणि चारही चाकांवरचा भार सुटू लागतो. चाके नुसती फिरतात आणि गाडी तराजूच्या दांडीसारखी झुलत राहते.

म्हणून घर सोडण्यापूर्वी फूटपट्टी आणि सुतळी घेऊन गाडीची चार मापे घ्यावीत आणि ती वहीत लिहून ठेवावीत. पहिले, दोन धुऱ्यांमधील अंतर. दुसरे, जमिनीपासून सर्वांत खालच्या भागाची उंची. हा भाग बहुधा मागच्या धुऱ्यावरचा डिफरन्शियलचा गोळा असतो, तर दोन धुऱ्यांच्या मधोमध सायलेन्सरची नळी किंवा पेट्रोलची टाकी असू शकते. दोन्ही उंच्या वेगळ्या लिहाव्यात. तिसरे, मागच्या चाकामागे हौदा किती बाहेर येतो ते. ओढ्याच्या पात्रातून वर चढताना हाच भाग जमिनीला घासतो. चौथे, आरशांसह पूर्ण रुंदी. मोठ्या बांध्याच्या पिकअपची रुंदी साधारण साडेसहा फूट असते. आरसे धरले, की ती सात फुटांच्या पुढे जाते. याशिवाय मोकळ्या मैदानात स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी एकदा गोल फिरवावी आणि तो घेर पावलांनी मोजावा. लांब पिकअपला वळण्यास चाळीस फुटांहून अधिक जागा लागते. कच्च्या वाटेवर हा आकडा बाकी सर्वांहून अधिक उपयोगी पडतो, कारण परत फिरता येईल की नाही, हे त्यावरच ठरते.

गाडीनंतर जमिनीचा विचार. धाराशिव जिल्ह्याच्या तुळजापूर तालुक्यातील जळकोट हे गाव सोलापूर-हैदराबाद महामार्गावर, नळदुर्ग आणि उमरगा यांच्या दरम्यान आहे. महामार्ग क्रमांक ६५ वरून आत वळले, की थोड्याच वेळात पायाखालची जमीन बदलते. उंचवट्याच्या माळांवर तांबूस-करडा मुरूम आणि बेसॉल्टचा उघडा खडक. सखल भागात काळी, खोल रेगड. आणि या दोहोंना छेदत जाणारे लहान-मोठे ओढे. नळदुर्गच्या किल्ल्याला वळसा घालून जाणारी बोरी नदी याच प्रदेशातील. मुरूम पाणी लवकर निचरू देतो आणि कोरडा असताना वजन पेलतो. काळ्या जमिनीतील चिकणमाती मात्र पाणी पिऊन फुगते आणि वाळली, की आकसून भेगाळते. ओली असताना ती टायरच्या नक्षीत भरते, टायर गुळगुळीत होतो आणि दोन टनांची गाडी ताटातल्या लोण्यासारखी घसरते. त्यात जुन्या पिकअपची मोठी अडचण अशी, की तिचे इंजिन पुढे आणि रिकामा हौदा मागे असतो. शक्ती मागच्या चाकांना मिळते. पण वजन पुढच्या चाकांवर असते. चारही चाकांना शक्ती देणारी गाडी नसेल, तर मागच्या धुऱ्याच्या वर वाळूची दोन-तीन क्विंटल पोती घट्ट बांधून ठेवावीत. नसता ओल्या गवतावरही चाक जागच्या जागी फिरते.

यावरून वाट निवडण्याचा पहिला नियम निघतो. जी वाट शक्यतो माळाच्या कण्यावरून जाते आणि काळ्या जमिनीचा पट्टा कमीत कमी अंतरात ओलांडते, ती लांब पडली तरी पत्करावी. खोलगट पाणंद दिसायला सावलीची आणि सुंदर असते. परंतु दोन्ही बाजूंच्या शेतांपेक्षा ती खाली असल्याने पावसाळ्यात तीच ओढा होते आणि पाऊस थांबल्यावरही सर्वांत शेवटी सुकते.

हंगामाच्या बाबतीत शेतकऱ्याचा ‘वाफसा’ हा शब्द चालकाने उचलावा. पेरणीसाठी जमिनीत जेवढी ओल हवी तेवढीच राहून बाकीचे पाणी निघून गेले, की वाफसा आला, असे म्हणतात. वाटेवरची मूठभर माती दाबून गोळा करावा आणि बोटाने टोकरावा. तो फुटून भुगा झाला, तर वाट निदान तपासण्याजोगी आहे. बोटाचा ठसा उमटून गोळा तसाच राहिला, किंवा तळहातावर मातीची वळी वळता आली, तर त्या दिवशी परत फिरावे. मराठवाड्याच्या या भागात परतीचा पाऊस सप्टेंबर-ऑक्टोबरात जोर धरू शकतो. त्यामुळे दिवाळीच्या आधी काळ्या जमिनीच्या वाटेला लागू नये. पावसाचे चार महिने तर वाटेवर गवत, किडे आणि जिवांची दाटी असते. साधुसंत चातुर्मासात विहार थांबवतात, त्यामागचा विचार वाचकांना सांगावयास नको. गाडीच्या दृष्टीनेही ते महिने विश्रांतीचेच. रब्बीची ज्वारी निघाल्यानंतरचा, फेब्रुवारीच्या अखेरीपासून पुढचा काळ सर्वांत सोयीचा. वाटा कोरड्या असतात आणि उभ्या पिकाला धक्का लागण्याची भीती कमी असते. एप्रिल-मे महिन्यांत मात्र जुन्या रेडिएटरची आणि उष्णतेने नळीतच वाफ होणाऱ्या पेट्रोलची परीक्षा असते. तेव्हा निघणे पहाटेचे आणि परतणे अकराच्या आत ठेवावे.

आता वाट कोणाची, हा प्रश्न. जमीन मोकळी दिसते म्हणून ती बेवारस नसते. गावाच्या नकाशात रस्त्यांच्या जाती वेगवेगळ्या खुणांनी दाखवलेल्या असतात. तुटक एका रेषेने दाखवलेला तो पाऊलमार्ग. त्याची रुंदी सव्वाआठ फूट. तुटक दुहेरी रेषेने दाखवलेला तो गाडीमार्ग. त्याची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट. सात-साडेसात फूट रुंदीच्या गाडीला दोन्ही बाजूंनी हातभर जागा हवी असेल, तर पाऊलमार्ग आपोआप बाद होतो आणि गाडीमार्ग तेवढा उरतो. नकाशा भूमी अभिलेख कार्यालयातून मिळतो. तो पाहिल्यावरही प्रत्यक्ष रुंदी मोजणे आवश्यक असते, कारण कागदावरचा एकवीस फुटांचा रस्ता दोन्हीकडच्या बांधांनी खात-खात दहा फुटांवर आलेला अनेक ठिकाणी दिसतो. राज्य शासनाने २०२१ साली मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना हाती घेतली. अशा योजनेतून जेथे पक्के पाणंद रस्ते झाले आहेत, ते नवशिक्या चालकासाठी उत्तम सुरुवात ठरतात.

येथे एका गैरसमजाचा उल्लेख केला पाहिजे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४३ अन्वये बांधावरून रस्ता मिळण्याबाबत तहसीलदार निर्णय देतात, म्हणून बांधावरचा रस्ता सर्वांसाठी खुला, असे अनेकांस वाटते. तो हक्क शेतकऱ्याला आपल्या शेतात जाण्या-येण्यासाठी असतो. हौसेने फिरावयास निघालेल्या माणसाला त्याचा आधार घेता येत नाही. बांधावरून किंवा कोणाच्या रानातून जायचे, तर मालकाची परवानगी घेणे हा एकच मार्ग आहे. कालव्यालगतच्या आणि धरणाच्या बांधावरच्या वाटा पाटबंधारे खात्याच्या असतात. त्याही परवानगीविना धरू नयेत.

काही जागा मुळीच निवडू नयेत. येडशीचे रामलिंग घाट अभयारण्य आणि सोलापूरजवळच्या नान्नजचे माळढोक अभयारण्य वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कक्षेत येतात. तेथे ठरलेल्या रस्त्याबाहेर चाक टाकणे हा गुन्हा होऊ शकतो. नळदुर्गच्या किल्ल्याचा परिसर हा संरक्षित वारसा आहे. तटाच्या कडेची माती गाडीच्या वजनाने ढासळते. अभयारण्याबाहेरचा गवताळ माळदेखील रिकामी जागा समजू नये. माळढोक, तित्तिर, टिटवी हे पक्षी जमिनीवरच अंडी घालतात आणि ती मातीच्या रंगाची असल्याने चालकाच्या आसनावरून दिसत नाहीत. म्हणून माळावरही जुनी चाकोरी सोडून नवी चाकोरी पाडू नये.

चाकोरीचेही एक गणित आहे. बैलगाडीच्या दोन चाकांतील अंतर आणि पिकअपच्या दोन चाकांतील अंतर बहुधा जुळत नाही. एक चाक चाकोरीत आणि दुसरे उंचवट्यावर गेले, की गाडी कलते आणि मधला उंचवटा डिफरन्शियलला लागतो. ट्रॅक्टरच्या वर्दळीची वाट पिकअपला अधिक जवळची; पण उसाच्या हंगामात भरलेल्या ट्रॉल्यांनी तिच्यात जे खोल चर पडतात, ते पोटाखालच्या मोकळ्या जागेपेक्षा खोल असू शकतात. अशा वेळी वहीतला आकडा आणि चरात उभी केलेली काठी यांची तुलना करावी. काठी जास्त भरली, तर पुढील विचार करण्याचे कारण उरत नाही.

अनोळखी वाट आधी पायी किंवा दुचाकीने पाहावी, हे सर्वांत स्वस्त विमापत्र आहे. पाहताना तीन नोंदी कराव्यात. गाडी वळवता येईल अशा जागा कोठे आहेत आणि दोन जागांमधील अंतर किती. समोरून ट्रॅक्टर आला, तर बाजू द्यायला रुंदी कोठे आहे. आणि ज्या उतारावरून खाली जायचे, तो परतताना चढता येईल का. ज्या वाटेवर किलोमीटरभर वळण्यास जागा नाही, ती लांब गाडीसाठी निवडू नये. तेवढे अंतर उलट्या गिअरमध्ये, आरशात पाहत, दोन्हीकडे वेड्या बाभळी असताना मागे येणे कसलेल्या चालकालाही जड जाते. बाभळीचा काटा जुन्या पद्धतीच्या ट्यूबच्या टायरला लागतोच. म्हणून दोन स्टेपन्या सोबत असाव्यात. मऊ जमिनीत हवा कमी करण्याची जी युक्ती सांगितली जाते, ती ट्यूबच्या टायरला बेताने वापरावी. हवा फार उतरवली, तर टायर रिंगवर सरकतो आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह मुळापासून उपटला जातो.

ओढा ओलांडताना पाणी चाकाच्या मधल्या तुंब्याच्या खाली असेल आणि तळ मुरमाचा किंवा फरशीचा असेल, तरच पुढे जावे. तळ दिसत नसेल, तर माणसाने आधी चालून पाहावे. जुन्या गाड्यांचे ड्रम ब्रेक भिजले, की धरत नाहीत. पलीकडे गेल्यावर सावकाश चालत ब्रेक हलके-हलके दाबून ते सुकवावेत. उताराला तर ब्रेकवर विसंबूच नये. त्या काळच्या बहुतेक गाड्यांत ब्रेकच्या तेलाचा मार्ग एकच असे. एका चाकाशी गळती झाली, तरी चारही ब्रेक जातात. उतरताना पहिला गिअर आधीच टाकून इंजिनाने गाडी रोखावी आणि जो उतार पहिल्या गिअरमध्येही पळवतो, तो उतार असलेली वाट यादीतून काढावी. पेट्रोलचे तीन भाग करावेत: एक जाण्यास, एक येण्यास, एक शिल्लक. कमी गिअरमध्ये मोठे इंजिन किलोमीटरमागे महामार्गाच्या कितीतरी पट पेट्रोल पिते, हे हिशेबात धरावे.

कागदपत्रांकडे व्यापारी घरांनी दुर्लक्ष करणे शोभत नाही. जुलै २०२१ मध्ये केंद्राने व्हिन्टेज वाहनांसाठी स्वतंत्र नोंदणी आणली. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षांची आणि नूतनीकरण ५,००० रुपयांत. ही सोय पन्नास वर्षांहून जुन्या, खाजगी वापराच्या दुचाकी आणि प्रवासी मोटारींसाठी आहे आणि अशा वाहनाचा नित्य किंवा व्यापारी वापर करता येत नाही. मालवाहू म्हणून नोंदलेल्या पिकअपने तिच्यावर भरवसा ठेवू नये. तिला योग्यतेचे प्रमाणपत्र लागतेच. त्याहून महत्त्वाची बाब हौद्यातील माणसांची. ‘न्यू इंडिया अ‍ॅशुरन्स विरुद्ध आशा राणी’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली असा निर्णय दिला, की मालवाहू वाहनातून फुकट नेलेल्या प्रवाशांच्या नुकसानीची जबाबदारी विमा कंपनीवर नाही. सुटीच्या दिवशी घरातील मुले हौद्यात उभी राहून हसत जातात, तेव्हा त्यांच्या सुरक्षिततेबरोबर घराची मिळकतही उघड्यावर असते. मुलांना दुसऱ्या मोटारीतून आणावे. दुसरी गाडी सोबत असणे एरवीही हिताचे, कारण रुतलेली जड पिकअप माणसांच्या ढकलण्याने निघत नाही.

शेवटी ज्या गोष्टीची किंमत पावतीवर येत नाही, ती. जळकोटसारख्या गावाभोवतीची रानेवने ज्यांची, तेच शेतकरी हंगामात तूर, सोयाबीन आणि ज्वारी घेऊन बाजारात येतात. व्यापारी घराचे त्यांच्याशी नाते तोलाइतकेच वागणुकीवर उभे असते. ओल्या वाफशात एका पिकअपने शेतातून घेतलेले वळण मातीत दोन हात रुंद, घट्ट दाबलेले पट्टे सोडते. पुढच्या पेरणीला तेथे रोप नीट उगवत नाही. फोडलेला बांध तर दोन भावांत वाद लावण्यास पुरेसा होतो. म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी त्या शिवारातील जाणत्या शेतकऱ्याला भेटावे, ‘काका, उद्या या वाटेने गाडी आणली तर चालेल का?’ असे विचारावे आणि तो ‘थांबा’ म्हणाला, तर थांबावे. कोणत्या पट्ट्यात अजून ओल आहे, कोणता पूल खचला आहे, कोठे वळायला जागा आहे, हे त्याच्याइतके नेमके कोणताही नकाशा सांगत नाही.

पहिल्या फेरीसाठी पाच-सहा किलोमीटरची, मुरमाची, गाडीमार्गाची नोंद असलेली आणि मध्ये दोन ठिकाणी वळण्यास जागा असलेली वाट पुरेशी आहे. ती जाऊन-येऊन झाल्यावर गाडीखाली कागद अंथरून कोठे तेल गळते ते पाहावे, पाट्यांचे नट आवळावेत आणि त्या दिवशीची ओल, चरांची खोली व लागलेले पेट्रोल वहीत नोंदवावे. वर्षभरात अशा आठ-दहा नोंदी झाल्या, म्हणजे जुन्या चालकाबरोबर गेलेली वाटांची माहिती घरात पुन्हा लेखी उतरलेली असेल आणि पुढच्या पिढीला ती गाडीबरोबर देता येईल.